बाळूची आत्या

"हे वसंतराव. जरा तापट आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत," घरमालक म्हणाले आणि मी चटकन पदर सावरला. खोली बघायला आलेली नवी भाडेकरीण, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासमोर नीट उभं राहायला नको का? पण ओसरीवर माणूस काही दिसेना. मालकांनी एका लाकडी पेटीकडे बोट केलं. पेटीला पुढून बारीक जाळी होती आणि जाळीमागे माझ्या मनगटाएवढी जाड धामण मान वर करून माझ्याकडे बघत होती.

मी किंचाळले नाही. आवाजच फुटला नाही. आमचे हे मात्र हसत सुटले. "खोली झकास आहे की गं," म्हणाले. खोली खरंच चांगली होती. गिरणीचा संप लांबत गेला, तेव्हा हे लालबाग सोडून बोरिवलीच्या एका कारखान्यात लागले होते. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार. बोरिवली पूर्वेला, जिथे डांबर संपून जंगलाकडे पायवाट जायची, तिथे मालकांचं कौलारू बैठं घर. अर्ध्यात ते, अर्ध्यात आम्ही, ओसरी दोघांची. परवडणारं दुसरं काही मिळत नव्हतं, म्हणून मी मान हलवली. आमची वैजू तेव्हा चार वर्षांची होती. तिनं जाळीला नाक लावलं आणि विचारलं, "वसंतराव काय खातात?"

मला तेव्हाच तिला उचलून उलट्या पावली स्टेशन गाठावंसं वाटलं होतं.

मालक साठीच्या पुढचे. अंगात कायम बंडी, कानाला जाड काड्यांचा चष्मा. सगळी नोकरी त्यांनी एका वॉर्ड ऑफिसात जन्ममृत्यूच्या खिडकीवर काढली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहिली, असं म्हणायचे. कितीतरी पोरं नाव पडायच्या आधीच जायची, मग नावाच्या जागी नुसतं 'बाळ' लिहायचं. एवढं सांगून ते लगेच उठून कुठल्यातरी पेटीतलं पाणी बदलायला लागायचे.

पेन्शनीत गेल्यावर त्यांनी सरपटणारं आणि उड्या मारणारं काय काय घरात आणून भरलं. आणि एकालाही नावाशिवाय ठेवलं नाही. मोरीतल्या दोन बेडक्या सरोज आणि सुलभा. खडबडीत पाठीचा, एका जागी बसून तोंडापाशी किडा येण्याची वाट बघणारा जाडा बेडूक, तो रावसाहेब. कासव म्हणजे मास्तर. मांडुळाला लोक दोन तोंडं समजतात, म्हणून त्याला दोन नावं होती, एका टोकाला अण्णा, दुसऱ्याला अप्पा. "ज्या बाजूनं चालेल त्या बाजूनं हाक मारायची. कुणाचा अपमान नको," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. मला हसू यायचं आणि हसताहसता पाय खुर्चीवर घ्यावेसे वाटायचे.

देवाचं नाव ठेवायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. मी एकदा म्हटलं, नागोबा, शेष, वासुकी अशी इतकी चांगली नावं असताना हे वसंतराव कशाला? तर म्हणाले, "देवाचं नाव ठेवलं की माणूस हात तरी जोडतो, नाहीतर लांब तरी पळतो. शेजाऱ्याचं नाव ठेवलं की विचारतो, काय, बरं आहे ना?" मग चष्मा पुसत पुढचं म्हणाले, ते त्यांचं नेहमीचंच वाक्य होतं. "नाव नसलं की मारायला सोपं जातं, सूनबाई."

आणि ते खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत पूर्वी साप निघाला की काठ्या निघायच्या. मालक आल्यापासून लोक त्यांना हाक मारायचे. ते यायचे, बघायचे. बिनविषारी असला तर घरी आणायचे. विषारी असला तर डब्यात घालून सरळ जंगलात सोडून यायचे. विषारी कधी पाळला नाही त्यांनी, त्याला नावही दिलं नाही. "ज्याचा भरवसा, त्यालाच नाव," असं म्हणायचे. सगळी गल्ली हे शिकली होती. नाव आहे म्हणजे काही करत नाही. पोरं बिनधास्त जाळीत बोटं घालायची.

मालकीणबाई मात्र घाटकोपरला मुलाकडे राहायच्या. पिठाच्या डब्यात सुलभा सापडली त्या दिवशी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. दिवाळीला फराळ घेऊन यायच्या, तो फाटकाबाहेर उभं राहून द्यायच्या. मला त्या बाईचं फार पटायचं.

विक्रोळीहून माझ्या सासूबाई चार दिवस राहायला आल्या, त्यांनी तर पहिल्याच संध्याकाळी मला आत ओढलं. त्या मालवणकडच्या. त्यांच्याकडे तिन्हीसांजेला सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. आणि इथे शेजारचा म्हातारा पेट्यांवर टिचक्या मारत "वसंतराव, जेवलात का?" विचारत होता. "अगो, तेचा नाव घेव नको सांजेक," त्या कुजबुजल्या, "नाव घेतल्यार ता येता. ह्यो माणूस तर हाका मारता!" दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पिशवी भरली. जाताना वैजूला कुरवाळून माझ्याकडे असं काही बघितलं की मी पोरीला कडेवर उचलून घेतलं.

माझी भीती सापांची होती, हे सगळ्यांना दिसत होतं. खरी भीती दुसरीच होती. माझी पोर घाबरत नव्हती. मागे जंगल, घराला लागून कमरेएवढं गवत, पावसाळ्यात उंबऱ्यापर्यंत ओल, आणि ही चार वर्षांची मुलगी वेटोळं दिसलं की आनंदानं टाळ्या पिटणार. मी मालकांना सांगून थकले. "अहो मालक, तिला जरा घाबरू द्या हो. आईच्या जिवाचा विचार करा."

"घाबरलेला माणूस काठी उचलतो, सूनबाई."

"ती काठी कुठनं उचलेल? ती हात पुढे करेल!"

"मग शिकेल की ओळखायला," ते म्हणायचे. हा माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता, म्हणून तर भांडताही येत नव्हतं.

नाव ठेवण्याची त्यांची रीत ऐकाल तर डोक्याला हात लावाल. साप आणला की लगेच नाव नाही. बारा दिवस थांबायचं. खाल्लं-प्यायलं, जगलं, तर बाराव्या दिवशी बारसं. आणि बारसं म्हणजे खरंच बारसं! ओसरीवर सडा, रांगोळी, पितळी डबाभर घुगऱ्या. गल्लीतल्या बायका नाकं मुरडत यायच्या आणि घुगऱ्या वाटीभर घेऊन जायच्या. नाव ठेवायला आत्या हवी, म्हणून दरवेळी कुणीतरी आत्या व्हायचं. सापाला आपल्यासारखे कान नसतात, म्हणून कुर्र करायचं ते पेटीच्या फळीवर बोटानं टकटक करून.

त्या जूनमध्ये त्यांनी एक कवड्या आणला, बिनविषारी साप. तपकिरी, करंगळीएवढा जाड, अंगावर पांढुरके आडवे पट्टे. बारावा दिवस आला तसं मला म्हणाले, "सूनबाई, आत्या तुम्ही व्हा." मी म्हटलं, मालक, दुसरं काहीही सांगा. तेवढ्यात वैजू पुढे झाली. "मी होते आत्या!" तिला नवा परकर घालून पाटावर बसवलं. तिनं फळीवर टकटक केलं आणि नाव ठेवलं, बाळू. मालकांनी नाव ऐकलं, मग म्हणाले, "असू दे. हा बाळ तरी जगेल." बायका हसल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

तेव्हापासून वैजूच्या तोंडी एकच विषय. बाळू माझा भाचा. भाच्यानं आज पाल खाल्ली. भाच्यानं कात टाकली. संध्याकाळी मालक तिला बाळूच्या गोष्टी सांगायचे, सगळ्या मनानं रचलेल्या. बाळू छत्री घेऊन जोगेश्वरीच्या गुंफा बघायला जातो, तिथली दगडात कोरलेली मगर त्याला पाणी विचारते. त्या मगरीचं नाव इंदूमावशी. एका गोष्टीत मोठा पाऊस पडतो, बाळूला थंडी वाजते, मग तो हळूच पेटीतून निघून आत्याच्या घरी येतो आणि आत्याच्या गोधडीत झोपतो. ही गोष्ट वैजूनं किती वेळा सांगायला लावली असेल, देव जाणे. आत कांदा चिरताना ती ऐकू आली की माझा हात थांबायचा.

श्रावणातली गोष्ट. सकाळची वेळ, हे कामावर गेलेले, दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मी ओट्यापाशी भाजी निवडत होते. खोलीत वैजूचं खेळणं चाललं होतं. "झोप हं... थंडी वाजते ना? झोप. आत्या आहे ना." बाहुलीला झोपवतेय, असं मला वाटलं. मग बाहुली खिडकीत दिसली.

मी उठून गेले. खाटेखाली गोधड्यांची चवड होती. वैजू तिच्यापाशी मांडी घालून बसली होती. गोधडीच्या घडीत एक काळं वेटोळं होतं, पांढऱ्या पट्ट्यांचं, डोकं आत खुपसलेलं. आणि माझी मुलगी त्याच्यावर हात ठेवून त्याला थोपटत होती.

"आई, शू! बाळू आलाय."

मी पाय न वाजवता मागे सरले आणि ओसरीवर जाऊन मालकांना हाक मारली. माझी हाक घोगरी निघाली असावी, कारण ते हातातला चहा तसाच टाकून आले. दारातून त्यांनी आत बघितलं आणि हसले. "बाळूच की. सुटला वाटतं लेकाचा." ते दोन पावलं पुढे गेले आणि तिसरं पाऊल टाकलंच नाही.

त्यांच्या मानेची शीर उडताना मला मागून दिसत होती. त्यांनी हात मागे केला आणि माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. तोंड न हलवता म्हणाले, "ओरडू नका. मण्यार आहे."

मण्यार म्हणजे काय ते मला माहीत होतं. कोकणात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मला धावून पोरीला ओढायचं होतं आणि त्यांनी मला सोडलं नाही. "झटका बसला तर डसेल. दिवसा सुस्त असते. सुस्तच राहू दे तिला."

मग वरच्या आवाजात, अगदी रोजच्यासारखं, "आत्याबाई, इकडे या बरं जरा."

"नको. तो उठेल."

"भाच्याला घुगऱ्या नकोत का? या, घेऊन जा."

"तुम्हीच आणा," वैजू म्हणाली. तिचा हात चालूच होता. थोप, थोप, थोप.

मालक गुडघ्यांवर बसले आणि इंच इंच सरकत तिच्या शेजारी गेले. "मीही थोपटू?" त्यांनी विचारलं. तिनं जरा विचार करून मान हलवली. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवला. दोघं मिळून थोपटू लागले. मग हळूच त्यांची बोटं तिच्या बोटांखाली गेली, तिचा हात वर उचलला गेला आणि खाली त्यांचा एकट्याचा हात राहिला, त्याच लयीत. "सूनबाई, आता," ते म्हणाले. मी पोर उचलली आणि बाहेर आले. कशी आले ते मला आजही आठवत नाही. ओसरीवर येऊन मी तिला छातीशी इतकं दाबलं की ती रडायला लागली.

रॉकेलचा रिकामा डबा त्यांनी मागून घेतला. जनावर त्यात गेलं, वर पाट, पाटावर वरवंटा. मग ते बाहेर आले आणि वैजूची बोटं एकेक करून उजेडात धरून बघायला लागले. चष्मा कपाळावर, डोळे बोटांना टेकलेले. बघितलं, पुन्हा बघितलं.

"चावली असती तर वैजू रडली असती ना हो?" मी विचारलं.

ते म्हणाले, "मण्यारीचं चावणं कळत नाही कधीकधी. खूणही दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात. रिक्षा बोलवा."

रिक्षात त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "गळ्यापासून पट्टे असतील तर कवड्या. मागे शेपटीकडे दाट असतील तर मण्यार. सगळ्या गल्लीला शिकवलं मी. आणि दारात उभा राहून मी नाव बघितलं, सूनबाई. साप बघितलाच नाही."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरनं दोघांना तपासलं, मुलीला आणि मालकांनाही. खूण नाही. आत्ता काही सांगता येत नाही, बसवून ठेवा, झोपू देऊ नका. असं म्हणून तो दर थोड्या वेळानं येऊन डोळ्यांत बॅटरी मारून जायचा.

झोपू देऊ नका! वैजूची रोज दुपारची झोपायची वेळ होती ती. बारा वाजून गेले, तशा तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. ती झोप होती की विष, ते मला कुणी सांगत नव्हतं. तिनं जांभई दिली की माझा जीव उडायचा. मी तिला चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं, बाकावर उभी केली, गाणी म्हटली. माझा आवाज थरथरत होता, त्याला तीच हसली. मग तिनं डोळे चोळत मालकांना सांगितलं, "बाळूची गोष्ट सांगा, तर जागी राहीन."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ती गोष्ट सांगायची नव्हती, जिभेवरही घ्यायची नव्हती, हे मला दिसत होतं. पण पोर तर जागी राहायला हवी होती. त्यांनी सुरुवात केली. बाळू गुंफा बघायला गेला, बाळू बसमध्ये बसला, बाळूनं इंदूमावशीला लाडू दिला. ती पेंगायला लागली की ते मोठ्यानं बोलायचे, हातवारे करायचे, बाकं बडवायचे. इतर पेशंट वळून बघत होते. त्यांचा घसा बसला, तरी थांबले नाहीत. आमचे हे कारखान्यातून धावत आले, तेव्हा बाळू वाकोल्याला लग्नाला पोचला होता आणि मालकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दिवेलागणीला डॉक्टर म्हणाला, पोरगी ठणठणीत आहे, घरी न्या. आजोबाही ठीक आहेत. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून रडले.

घरी येताना वैजू बापाच्या मांडीवर होती. अर्धवट झोपेत तिनं विचारलं, "आई, बाळू उद्या पण येईल ना गोधडीत?"

सगळं निभावलं होतं आणि काहीच निभावलं नव्हतं. मालक रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीवरून हाक मारली. "वैजू, ये गं. बाळूला बघ." मी तिच्या मागोमाग दारात आले. त्यांनी खरा बाळू पेटीतून काढून हातात घेतला होता. वैजू पुढे झाली, तसा त्यांनी अंगठ्यानं त्याची शेपटी जोरात दाबली. कवड्या तापट, तो वळून त्यांच्या बोटाला कडकडून डसला आणि लटकत राहिला. रक्त आलं.

आणि मालक किंचाळले. "आई गं! मेलो! चावला, बाळू चावला!" ते ओसरीवर कोसळले, पाय झाडले, डोळे फिरवले. कवड्याला विष नसतं हे मला माहीत होतं. तरी मी ओरडले. वैजू दगडासारखी उभी होती. मग तिनं जी किंकाळी फोडली, ती मी जन्मात विसरणार नाही. ती धावत येऊन माझ्या पायांना मिठी मारून थडथडा कापत राहिली. तिचा परकर ओला झाला होता.

मालकांनी पडल्यापडल्या एक डोळा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. काम झालं का, एवढंच ते विचारत होते. मला त्या क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. मी पोरीला घेऊन आत गेले आणि दार लावलं. फटीतून बघितलं, तर ते उठून बसले होते. बाळूला पेटीत ठेवायला बघत होते आणि त्यांच्याकडून झाकण काही केल्या बसत नव्हतं. ते नाटक नव्हतं.

त्या आठवड्यात ते एकेकाला पिशवीत घालून जंगलाकडे गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. गल्लीतल्या कुणीतरी विचारलं, "काय मालक, वसंतराव कुठायत?" तर म्हणाले, "कोण वसंतराव?"

वैजू त्यांच्या वाऱ्याला उभी राहीना. ते ओसरीवर दिसले की ती माझ्या पदरात तोंड लपवायची. गोष्ट नको, चॉकलेट नको, आजोबा नकोत. मला वाईट वाटायचं. एकदा मी तिला त्यांच्याकडे ओढत न्यायला निघाले, तर त्यांनीच हात वर करून थांबवलं. "नको, नको. राहू दे," म्हणाले. "घाबरते आहे ना? घाबरू दे." मग म्हणाले, "पोरं विसरतात, सूनबाई. ती गवतात जायला लागली ना, की सापाचं नका सांगू. माझं नाव घ्या. म्हणा, आजोबा येतील."

दुसरं काय करणार होते मी? गवत तिथेच होतं, जंगल तिथेच होतं. आम्ही मुलुंडला जाईपर्यंत तो पावसाळा आणि पुढचा पावसाळा मी दारात उभी राहून ओरडायचे, "वैजू, आजोबा आले बघ!" आणि ती गवताच्या काठाला खिळल्यासारखी थांबायची, मग वळून घरात पळत यायची. त्यांच्या खिडकीचं एक दार तेवढ्यापुरतं उघडं असायचं. ती उंबऱ्याच्या आत आली की ते लावून घ्यायचे.